सात माणसे, चौसष्ट माग



गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत काही नवे शब्द मुक्कामाला येऊन राहिले आहेत. 'स्टँड-अप', 'स्प्रिंट', 'स्क्रम', 'अ‍ॅजाइल'. मुलगा किंवा सून घरून काम करत असेल, तर सकाळी साडेनऊला मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, कारण 'स्टँड-अप' चालू असतो. नाव उभे राहण्याचे, मंडळी मात्र बसलेलीच असतात. आजी विचारते, "अरे, तुझा साहेब कोण?" उत्तर येते, "आजी, आमच्यात तसा साहेब नसतो. टीम आपलं आपण ठरवते." आजीला ते पटत नाही. तीन पिढ्या ज्या घरांनी गायकवाड सरकारची, मग रेल्वेची, मग राज्य सरकारची चाकरी केली, त्या घरांत साहेबाशिवाय काम ही गोष्ट बिनखांबी मांडवासारखी वाटते.

आमच्यासारख्या, पदविका घेऊन सरकारी खात्यात लागलेल्या मंडळींनाही ती तशीच वाटे. आमच्याकडे कागद टेबलावरून टेबलावर जातो आणि प्रत्येक टेबल फक्त आपल्यापुरते पाहते. तेव्हा हे नवे खूळ अमेरिकेतून संगणकाबरोबर आले असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. पण गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यकारिणीत एक वाद झाला. तरुण मुले समित्यांत नावापुरती येतात, टिकत नाहीत. त्यांच्यावर काम सोपवावे की नाही, सोपवले तर कितपत, असा तो वाद होता. त्याच्या निमित्ताने आम्ही या विषयाचा थोडा इतिहास शोधू लागलो आणि शोधता शोधता थेट अहमदाबादेत पोहोचलो. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, १९५३ साली, कॅलिको मिलच्या साचेखात्यात हा प्रयोग झाला होता. जगभरच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख 'अहमदाबादचा प्रयोग' असाच होतो. गुजरातेत राहून आपल्याला त्याची गंधवार्ता नाही, म्हणून हा लेख.

पण अहमदाबादला जाण्याआधी इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत डोकावले पाहिजे, कारण धागा तिथून निघतो.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट नावाची संस्था निघाली. युद्धात सैनिकांच्या मनावर झालेल्या परिणामांवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ आता कारखान्यांकडे वळले होते. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधल्या कोळसा खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. नवी यंत्रे आली, तरी कोळसा अपेक्षेइतका निघेना आणि कामगार गैरहजर राहू लागले. याचे कारण शोधायला एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ हे दोघे गेले. यातला बॅमफर्थ स्वतः खाणीत राबलेला माणूस. त्यामुळे त्यांचा १९५१ सालचा निबंध वाचताना लिहिणाऱ्याने कोळसा हातात धरलेला आहे, हे जाणवते.

जुन्या पद्धतीत दोन-तीन माणसांची जोडी असे. जोडीदार ती आपण होऊन निवडत. खणणे, भरणे, छताला टेकू देणे ही सगळी कामे तीच जोडी करी आणि मजुरीही एकत्र घेई. जोडीदाराला अपघात झाला, तर त्याच्या घरच्यांकडे बघण्याची जबाबदारीही दुसऱ्याला आपली वाटे. नव्या यंत्रपद्धतीत कोळशाची लांबच लांब भिंत धरली जाई आणि सुमारे चाळीस माणसे तीन पाळ्यांत वाटली जात. एका पाळीने कापायचे, दुसरीने पट्टा सरकवून वाट मोकळी करायची, तिसरीने भरायचे. प्रत्येकाचे काम एकच, दरही वेगळा. वरच्या पाळीने काम अर्धवट टाकले, की खालच्या पाळीचे हाल. मग 'आमचे झाले, पुढचे ते बघतील' ही वृत्ती वाढली आणि बिघाडाला धनी कोणी उरला नाही. हे वाचताना आम्हाला आमचे कार्यालय आठवले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

गंमत अशी, की काही खाणींत कामगारांनी यावर आपण होऊन तोड काढली होती. यंत्रे नवीच ठेवली, पण माणसांची वाटणी मोडून मोठे एकत्र गट केले. गटातल्या माणसाला एकाहून अधिक कामे येत, पाळ्या ते आपसांत ठरवत आणि मजुरी सगळ्यांची मिळून घेत. पुढे डरहॅमच्या खाणींत ४१ माणसांचा एक गट असाच काम करताना टॅव्हिस्टॉकच्या लोकांनी पाहिला आणि मोजला. यंत्र तेच असले तरी माणसांची मांडणी दोन तऱ्हांनी करता येते आणि तिची निवड आपल्या हातात असते, हा त्यांचा निष्कर्ष. वरवर पाहता साधा. पण त्या काळी यंत्र जसे सांगेल तशी माणसे लावायची, असाच समज होता.

आता अहमदाबाद. आपल्या वाचकांत गिरणीचे साचेखाते पाहिलेली माणसे थोडीच उरली असतील, म्हणून हा भाग जरा विस्ताराने सांगतो.

कॅलिको मिल साराभाई घराण्याची. तिची दुसरी गिरणी ज्युबिली मिल. धाकटे विक्रम साराभाई यांनी १९४७ साली कापड-संशोधनासाठी 'अटिरा' ही संस्था काढली, तर थोरले गौतम साराभाई गिरणीची धुरा सांभाळत होते. १९५२ च्या जूनमध्ये ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले गेले. साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली, की विणकराने माग थांबवून ती बदलायची. स्वयंचलित मागाला कांड्यांची एक फिरती 'बॅटरी' असते. कांडी संपत आली हे एक चाचपणारा भाग ओळखतो आणि माग न थांबता नवी कांडी आत ढकलली जाते. म्हणजे एका विणकराने कितीतरी अधिक माग बघावेत, हा हिशेब. इंजिनिअरांनी घड्याळ लावून प्रत्येक कामाचा वेळ मोजला, कामाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला माणूस नेमला. पण होऊ लागले उलटेच. उत्पादन वाढेना आणि कापडात दोष मात्र फार निघू लागले.

हा गुंता सोडवायला टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस यांना बोलावणे गेले. अटिरात तेव्हा कमला चौधरी या मानसशास्त्रज्ञ होत्या. पुढे अहमदाबादचे आयआयएम निघाले, तेव्हाच्या पहिल्या अध्यापकांत त्या होत्या.

राइस यांनी पाहिले तेव्हा २२४ मागांवर २९ माणसे होती आणि त्यांच्या कामाचे प्रकार होते बारा. विणकर, बॅटरी भरणारा, एकदम पुष्कळ धागे तुटले तर ते सांधणारा, नवा ताणा मागावर चढवणारा, कापड उचलून नेणारा, कांड्या आणणारा, जॉबर, जॉबरचा मदतनीस, तो चाचपणारा भाग दुरुस्त करणारा फिटर, तेलवाला, झाडूवाला आणि हवेतला दमटपणा सांभाळणारा फिटर. यात चूक काय, असे कुणीही विचारील. प्रत्येकाला आपले काम माहीत आहे, वेळ मोजलेला आहे. चूक कळते ती मागांची वाटणी पाहिल्यावर. विणकराकडे २४ किंवा ३२ माग. बॅटरी भरणाऱ्याकडे ४० किंवा ५०. जॉबरकडे त्याहून पुष्कळ अधिक, तर तेलवाल्याकडे सगळेच. म्हणजे विणकराच्या वाट्याला अख्खा माणूस कोणीच नाही. बॅटरीवाल्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग, सांधणाऱ्याचा त्याहून कमी, जॉबरचा अगदी थोडा. मागावर धागा तुटला आणि सांधणारा दुसऱ्या विणकराकडे गुंतलेला असला, तर दोष कुणाचा? दोघांचे साहेबही एक नाहीत. त्यातून कापडाचा प्रकार किंवा सुताचा नंबर बदलला, की सगळा हिशेब कोलमडे. सूत जाड झाले, की कांडी लवकर संपते आणि बॅटरीवाल्याचे काम वाढते, पण विणकराचे त्याच प्रमाणात वाढत नाही. घड्याळ लावून बसवलेला ताळमेळ एका दिवसात मोडे.

राइस यांनी एवढेच सुचवले, की खाते कामांच्या प्रकाराने न विभागता मागांच्या पट्ट्याने विभागावे. साधारण ६४ माग सात माणसांच्या एका गटाकडे द्यावेत. विणणे, भरणे, सांधणे आणि लहानसहान दुरुस्ती त्या सातांनी आपसांत वाटून घ्यावी. पगाराच्या अनेक श्रेणी मोडून तीनच ठेवाव्यात, म्हणजे गटात एकमेकांची कामे करायला आड येणारी भिंत कमी होईल. गटाचा एक मुख्य असेल. पर्यवेक्षकाने त्याच्याशी बोलायचे, प्रत्येकाच्या मागे फिरायचे नाही.

यापुढचा तपशील आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही सूचना राइस यांनी वरिष्ठांपुढे आणि पर्यवेक्षकांपुढे चर्चेसाठी ठेवली होती. ती कामगारांच्या कानांवर गेली आणि त्यांनी ती उचलून धरली. गट त्यांनी स्वतःच पाडले. कोणाबरोबर कोण काम करील, हे साहेबाने यादी करून लावले नाही. १९५३ च्या मार्चमध्ये हा प्रयोग सुरू झाला. राइस यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे, मांडणी बदलण्यापूर्वी मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के होती, ती स्थिरावल्यावर सुमारे ९५ टक्के झाली. सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होते, ते २० टक्क्यांच्या आसपास उतरले. माग तेच, इमारत तीच, माणसेही तीच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अहमदाबादची गिरणी म्हणजे काही कोरी पाटी नव्हती. १९१८ चा संप, त्यात गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई, १९२० साली निघालेले मजूर महाजन, आणि वाटाघाटीने प्रश्न सोडवण्याची तिथली रीत, ही सगळी पार्श्वभूमी मागे होती. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या हाती माणसे भरण्याची सत्ता असे, त्याच्या दस्तुरीच्या कहाण्या आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज परळ-लालबागला होते त्यांनी ऐकल्याच असतील. कामगाराच्या शब्दाला किंमत नसलेल्या ठिकाणी 'तुमचे गट तुम्ही करा' म्हटले असते, तर जॉबरनेच ते केले असते. गटाला मोकळीक देण्याआधी दोन्ही बाजूंना एकमेकांच्या शब्दाचा थोडा अनुभव असावा लागतो, असे आम्हाला तरी वाटते.

राइस यांचे पुस्तक १९५८ साली निघाले आणि अहमदाबादचे नाव जगभर झाले. नॉर्वेत, स्वीडनमध्ये असेच प्रयोग झाले. व्होल्व्हो कंपनीने १९७४ साली काल्मार येथे मोटारीचा कारखानाच गटांच्या हिशेबाने बांधला. पण कौतुकाच्या भरात दोन गोष्टी बहुधा सांगायच्या राहून जातात.

पहिली अशी, की १९६९ साली भारतातच एका अभ्यासकाने राइस यांच्या पद्धतीवर बोट ठेवले. गटपद्धतीबरोबर कामगारांची मिळकतही वाढली होती. मग उत्पादन वाढले ते मोकळिकीने की पैशाने, हे वेगळे कसे काढणार? प्रश्न रास्त आहे. आमच्या मते दोन्हींनी. घर चालवणाऱ्या माणसाला हे वेगळे करून दाखवता येणार नाही आणि दाखवण्याची गरजही नाही. जबाबदारी वाढवायची आणि पगार तोच ठेवायचा, याला मोकळीक म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० साली पुन्हा अहमदाबादला आले, आणि मधल्या वर्षांत काय उरले ते त्यांनी पाहिले. एका ठिकाणी गटांची पद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकली होती. बाकीच्या खात्यांत ती कमी-अधिक प्रमाणात ढासळली होती. माणसे पुन्हा आपापल्या कामाच्या चौकटीत गेली होती आणि पर्यवेक्षक पुन्हा एकेकाच्या मागे.

असे का व्हावे? हा आमच्या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे थांबतो. गट ढासळला, की आपल्याकडे सहसा म्हणतात, 'लोकांना मोकळीक पचली नाही.' एकाच गिरणीत एके ठिकाणी वर्षानुवर्षे पचते आणि दुसरीकडे पचत नाही, याचा अर्थ दोष पचनशक्तीत नसावा. राइस आणि मिलर दोघांचाही भर एका मुद्द्यावर आहे. गट आतून आपला कारभार पाहील, पण त्याच्या कुंपणावर कोणीतरी उभे राहावे लागते. सूत वेळेवर आणि बऱ्या प्रतीचे येते की नाही, कापडाचा प्रकार आठवड्यात तीनदा बदलला जातो की काय, गटातली माणसे मधूनच दुसरीकडे पळवली जातात का, नव्या माणसाला सगळी कामे शिकवली जातात का, या गोष्टी सात माणसांच्या हातातल्या नाहीत. त्या साहेबाच्या हातातल्या आहेत. साहेब आतले काम सोडतो ते बरेच, पण त्याबरोबर कुंपणही सोडतो. मग सूत वाईट आले, की गट कितीही शहाणा असो, धागे तुटणारच. धागे तुटले की वरून विचारणा होते, आणि विचारणा झाली की 'माझे काम एवढेच होते' हे उत्तर सगळ्यांत सुरक्षित ठरते. तिथे गट संपला. राइस यांच्या विचाराप्रमाणे वरिष्ठाचे खरे काम हे हद्दीवरचे काम आहे. 'टीमला सगळे सोपवले' असे म्हणून आपल्या खोलीत जाऊन बसणारा साहेब आणि प्रत्येकाच्या डोक्यावर उभा राहणारा साहेब, दोघेही हे काम करत नाहीत.

आता आजच्या शब्दांकडे येऊ. खाण आणि साचेखाते यांपासून संगणकाच्या कंपनीपर्यंत सरळ वंशवेल काढता येणार नाही. तसा दावा आम्ही करत नाही. संगणकवाले मुख्यतः जपानकडून शिकले. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी एक लेख लिहिला. होंडाची लहान मोटार, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचे नकलयंत्र अशा वस्तू झटपट कशा तयार झाल्या, याचा त्यात शोध होता. जुनी रीत म्हणजे रिले शर्यत. एका खात्याने काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि आपण बाजूला व्हायचे. नवी रीत म्हणजे रग्बीचा खेळ. सगळा संघ चेंडू आपसांत देत एकदम पुढे सरकतो. 'स्क्रम' हा रग्बीतला शब्द इथून आला. या लेखात 'स्वयंसंघटित' गटाचे वर्णन आहे, पण त्याबरोबरच वरिष्ठांच्या 'सूक्ष्म नियंत्रणा'चेही आहे. माणसे कोणती घ्यायची, ध्येय किती कठीण ठेवायचे, चुका कितपत सोसायच्या, हे वरिष्ठच पाहत. पुढे जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत संगणकाच्या कामात आणली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फातल्या ठिकाणी, १७ जणांनी एकत्र बसून अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी एक असे, की सर्वांत चांगली रचना स्वयंसंघटित गटांतून निघते.

योगायोग पाहा. स्क्रमच्या जुन्या पुस्तकांत गट सात माणसांचा, फार तर दोन कमी किंवा दोन जास्त, असा सांगितलेला असे. ज्युबिली मिलमध्येही सातच होते. बहुधा सात माणसांपर्यंत कुणाचे लक्ष कुणाकडे आहे हे न सांगता कळते, आणि त्यापुढे कळेनासे होते. भजनी मंडळातही टाळकरी वाढले की ताल सांभाळायला वेगळा माणूस लागतोच. २०२० साली स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेत 'स्वयंसंघटित' हा शब्द काढून 'स्वयंव्यवस्थापित' असा शब्द घातला. सरकारी परिपत्रकातल्या शब्दबदलासारखा तो आम्हाला वाटला होता, पण त्यात अर्थ आहे. आता कोण काय करील याबरोबर कशावर काम करायचे हेही गटाने ठरवावे, अशी अपेक्षा आहे.

अपेक्षा आहे, म्हणजे तसे होतेच असे नाही. आपल्यापैकीच एका घरातली मुलगी पुण्याच्या एका कंपनीत आहे. तिच्या टीमला पहिल्याच दिवशी सांगितले, की तुम्ही स्वयंसंघटित आहात. पण काम संपवण्याची तारीख आधीच ग्राहकाला कळवलेली होती, माणसे दुसऱ्या कामावरून मधूनच काढून घेतली जात होती, आणि रोजच्या स्टँड-अपमध्ये प्रत्येकाने काल किती तास काय केले याचा हिशेब वरिष्ठाला द्यायचा होता. काम अडले, की "टीम तुमची, तुम्ही बघा." रात्री अकरापर्यंत जागून ती मुले तारीख गाठत. तिच्या वडिलांना वाटे, मुलीला काम झेपत नाही. आम्ही त्यांना कॅलिकोची गोष्ट सांगितली. सूत वाईट देऊन विणकराला जाब विचारण्यातला हा प्रकार आहे, हे त्यांना लगेच कळले, कारण त्यांचे वडील गिरणीत होते. मुलीने पुढे टीममधल्या दोघांना घेऊन वरिष्ठांपुढे एवढीच मागणी ठेवली, की निदान चालू पंधरवड्यात माणसे काढू नका आणि मध्येच नवे काम घुसवू नका. पहिली अर्धी मान्य झाली आहे. दुसरीबद्दल बोलणी चालू आहेत.

साहेबाशिवायच्या कामाचे आपल्या लोकांचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. १८९० पासून मुंबईत चाललेली डबेवाल्यांची व्यवस्था बहुतेक मावळातल्या आणि आसपासच्या माणसांनी उभी केली. गटाचा मुकादम असतो, पण तोही डबा उचलतो. गटाची मिळकत गटात वाटली जाते. परदेशी प्राध्यापक येऊन त्यांच्या चुकांचे प्रमाण मोजतात. आम्हाला त्याहून लक्षात घेण्यासारखे हे वाटते, की त्यांच्या कामाची हद्द कमालीची स्पष्ट आहे. डबा कुठून, कुठे, किती वाजेपर्यंत. त्या हद्दीत गटाने काय करावे, हे सांगायला कोणी येत नाही. आणि लोकल बंद पडली, तर तो दोष कोणी डबेवाल्याला देत नाही.

बडोद्यालाही याचे अगदीच वावडे असू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा हाताने काम करणाऱ्याला डोकेही वापरता यावे, हाच विचार त्यामागे होता. आमची पदविका त्या परंपरेतलीच, जरी आमच्या वेळेपर्यंत तिच्यात डोक्यापेक्षा जर्नल लिहिणेच जास्त उरले होते.

राहता राहिला मंडळाचा वाद. कार्यकारिणीत दोन तट होते. एकांचे म्हणणे, मुलांवर सगळे सोडा, ती शिकतील. दुसऱ्यांचे म्हणणे, गेल्या खेपेला सजावट सोडली होती, तेव्हा ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री आपल्यालाच धावावे लागले. चौकशी केल्यावर निघाले, की मुलांना सजावट दिली होती, पण पैसे कोषाध्यक्षांकडे, हॉलची चावी सचिवांकडे, आणि मखराचा विषय अध्यक्षांनी आयत्या वेळी बदललेला. म्हणजे विणकराला अपूर्णांकात माणसे मिळत होती, तसे इथे अपूर्णांकात अधिकार मिळाले होते.

यंदा महाप्रसाद आणि सजावट ही दोन कामे प्रत्येकी सात-आठ जणांच्या गटाकडे दिली आहेत. गट मुलांनी स्वतः पाडले. महाप्रसादाच्या गटात तीन मुली, दोन मुलगे आणि दोन ज्येष्ठ काकू आहेत, आणि काकूंना घेण्याचे मुलांनीच ठरवले. ठरलेली रक्कम जुलैतच त्यांच्या हाती दिली. हिशेब अनंत चतुर्दशीनंतर, एकदाच. विषय बदलायचा नाही, असे अध्यक्षांनी लेखी दिले आहे. पोलिसांची परवानगी, ध्वनिक्षेपकाची वेळ, महानगरपालिकेचा विसर्जनाचा मार्ग आणि हॉलच्या भाड्याची घासाघीस, एवढे आम्ही ज्येष्ठांनी आमच्याकडे ठेवले आहे. चावीची दुसरी प्रत करून घेतली. परवानगीच्या फाइलवर आजपर्यंत नऊ सह्या झाल्या आहेत, दोन बाकी आहेत. दहाव्या सहीचे साहेब रजेवर आहेत, सोमवारी येतील.